बाराशे चौऱ्याऐंशी सारांश

डिसेंबरच्या बैठकीत विभागप्रमुख बू यूस्नेलींनी चष्मा पुसला, घडी घातलेला एक कागद उलगडला आणि ज्यांचा एकही शोधनिबंध बाहेरदेशीच्या नियतकालिकात छापून आलेला नाही अशा शिक्षकांची नावं वाचायला घेतली. सहा नावं होती. दुसरं देस्मिवर्नीचं.

"कुणाला लाजवायला वाचत नाहीये," बू यूस्नेली म्हणाल्या. "पण वरून विचारणा आली आहे. बढती हवी असेल तर पेपर हवा. आता माझ्या हातात काही नाही."

देस्मिवर्नी समोरच्या बशीतली कसाव्याची तिखट कापं बघत बसली. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. बुकिटिंग्गीच्या या संस्थेत सुईणकाम शिकवायला लागून तिला दहा वर्षं झाली होती. त्याआधीची चौदा वर्षं तिनं सोलोकच्या डोंगराळ भागात, आलाहान पांजांगला सरकारी सुईण म्हणून काढली होती. पायाळू बाळ हात लावून कळायचं तिला. पोटुशी बाई दारातून आत येताना कशी पाय टाकते यावरून तिच्या अंगात रक्त किती हे सांगायची. वर्गात मुली तिला टरकून असायच्या, कारण उत्तर पाठ करून आलेली मुलगी तिला दोन प्रश्नांत ओळखू यायची. आणि आता तिचं नाव कागदावरून मोठ्यानं वाचलं गेलं होतं, सगळ्यांदेखत.

बैठक सुटल्यावर रेफ्दिनाल तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आला. तिशीचा पोरगा, कंत्राटावर लागलेला, क्वालालंपूरहून शिकून आलेला. रेफ म्हणायचे सगळे त्याला. शिक्षिकांना सगळे बू, म्हणजे बाई, म्हणायचे; तो मात्र तिला उनी म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

"उनी, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"आता कसली रागावते! नाक तर कापून झालं."

"तुमच्याकडे विषय आहे, माझ्याकडे पद्धत आहे. दोघं मिळून करू. नवीन प्रयोग नको, गावोगाव हिंडणं नको. जे आधीच लिहिलं गेलंय ते सगळं गोळा करायचं, नीट चाळायचं, आणि त्यातून काय निघतं ते सांगायचं. पद्धतशीर आढावा म्हणतात त्याला."

"म्हणजे दुसऱ्यांच्या भाताची चव बघायची?"

"हजार घरच्या भाताची," रेफ हसला. "आणि कुठल्या घरात भात शिजलाच नाही, तेही सांगायचं."

विषय ठरायला वेळ लागला नाही. गरोदर बायकांना सरकार लोहाच्या गोळ्या देतं. बायका त्या घेतात, पण गिळत नाहीत. का? देस्मिवर्नीनं चौदा वर्षं हेच पाहिलं होतं. मळमळतं, संडास काळी होते, सासू म्हणते बाळ फार मोठं होईल मग अडेल. हे सगळं ती सांगत गेली आणि रेफ लिहून घेत गेला. मग त्यानं शोधायचे शब्द बसवले. हे नाही तर ते, ते आणि हे, अशा कंसांच्या साखळ्या. देस्मिवर्नीला ते पहिल्याच बैठकीत समजलं, आणि समजलं याचं तिला अप्रूप वाटलं.

तीन डेटाबेसांतून मिळून अठराशे सत्तेचाळीस पेपर आले. दुबार आलेले काढल्यावर बाराशे चौऱ्याऐंशी उरले. रेफनं त्यांचा एक नकाशाही काढून दाखवला. प्रत्येक देशाचा एक ठिपका, जितकं लिखाण जास्त तितका ठिपका मोठा, आणि कोण कुणाचा दाखला देतं त्याच्या रेघा. भारताचा ठिपका लिंबाएवढा, इथिओपियाचा सुपारीएवढा. त्यांच्या स्वतःच्या देशाचा मोहरीएवढा, एका कडेला.

"एवढ्या बायका आपल्याकडे बाळंत होतात आणि एवढुसाच ठिपका?" ती म्हणाली.

"बाळंत होतात, पण त्याच्यावर कुणी लिहीत नाही, उनी. लिहिलं तर कुणी वाचत नाही."

मग त्यानं खरं काम समजावलं. बाराशे चौऱ्याऐंशी पेपरांची नावं आणि सारांश दोघांनी वेगवेगळे वाचायचे. प्रत्येकासमोर हो किंवा नाही लिहायचं. नाही असेल तर कारण. एकमेकांना विचारायचं नाही, एकमेकांचं बघायचं नाही. शेवटी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून सहमतीचा आकडा काढायचा. एक आला तर पूर्ण एकमत, शून्याच्या जवळ आला तर निव्वळ योगायोग.

"दोघांनी कशाला? तू एकटा भरभर करशील."

"एका माणसाचं चुकतं. माझ्या डोळ्यातून निसटेल ते तुमच्या डोळ्याला दिसेल, म्हणून दोन. फोल्डर एकच आहे आपलं, माझी फाइल माझ्या नावानं, तुमची तुमच्या नावानं. तुम्ही माझी उघडायची नाही, मी तुमची उघडणार नाही. बस्स."

तिला तीन आठवडे दिले होते. पहिल्या आठ दिवसांत देस्मिवर्नीचे बासष्ट झाले.

इंग्रजी तिला अगदीच येत नव्हतं असं नव्हतं. औषधांची नावं, रोगांची नावं, पाठ्यपुस्तकातली वाक्यं यायची. पण हे सारांश म्हणजे शब्दांची दगडी भिंत. एकेक वाक्य चार ओळींचं, शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. दुपारचे तास संपवून ती खोलीत बसायची, एकेक शब्द फोनवर शोधायची, आणि अर्ध्या तासानं कळायचं की पेपर गोळ्यांवर नाहीच, पिठात लोह मिसळण्यावर आहे. घरी नवरा मरजोहान विचारायचा, "किती झाले?" ती म्हणायची, "होतायत." औरकुनिंगच्या बाजारात त्याचं कपड्यांचं दुकान होतं. तिथं तो शेजारच्या दुकानदारांना सांगत सुटला होता की आमची बायको आता जगभरातलं वाचून काढतेय.

रेफला सांगता आलं असतं. "मला जमत नाही, वेळ वाढवून दे," एवढंच वाक्य. दोनदा ती त्याच्या दारापर्यंत गेलीही. पण तो आपला कानात ते गाणी ऐकायचं बोंड घालून बसलेला, पडद्यावरच्या ओळी सरासर खाली सरकवत असलेला, आणि तिला ती डिसेंबरची यादी आठवायची. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अठरा वर्षांनी लहान पोराला जाऊन सांगायचं की मला वाचता येत नाही? ती परत फिरायची.

नवव्या दिवशी तिनं त्याची फाइल उघडली. नुसतं बघायला. तो कारणं कशी लिहितो, किती शब्दांत लिहितो, एवढंच बघायचं होतं असं तिनं स्वतःला सांगितलं. त्याचे सगळे झाले होते. बाराशे चौऱ्याऐंशीच्या बाराशे चौऱ्याऐंशी. तिनं आपल्या बासष्टांशी त्याचे बासष्ट ताडून पाहिले. नऊ ठिकाणी फरक होता. ती नऊही ठिकाणी तिनं आपलं उत्तर खोडून त्याचं लिहिलं. त्याचंच बरोबर असणार. तो शिकलेला आहे.

त्रेसष्टावा पेपर तिनं न वाचताच भरला.

चार दुपारींत काम उरकलं. शेवटी तिला वाटलं, अगदी तंतोतंत दिसलं तर संशय येईल. म्हणून तिनं एकोणीस ओळी अंदाजानं बदलल्या, कुठं होचं नाही, कुठं नाहीचं हो. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुली दोन उत्तरं मुद्दाम चुकवतात ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिनंच अशा कितीतरी पकडल्या होत्या. हे मनात आलं तेव्हा तिनं लॅपटॉप मिटला आणि नळाखाली हात धुतले, स्वच्छच असताना.

सहमतीचा आकडा आला शून्य पॉइंट त्र्याण्णव.

"उनी!" रेफ ओरडलाच. "क्वालालंपूरला माझ्या सरांचा पंच्याऐंशीच्या वर कधी गेला नाही. आणि तुमचं नाव त्या यादीत!"

"अरे, तू शिकवलंस तसं केलं," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

त्यानं सगळ्या विभागात सांगितलं. बू यूस्नेलींनी जेवणाच्या सुट्टीत तिच्या पाठीवर हात ठेवला. मरजोहाननं दुकान लवकर बंद करून कापाउचा भात आणि नारळाच्या रश्शातली आतडी आणली, तिच्या आवडीची. तिनं चार घास खाल्ले आणि पित्त झालंय म्हणून उठली.

पुढचं काम तिनं मनापासून केलं हेही सांगायला हवं. निवडलेल्या पेपरांतून बायका काय म्हणतात ते वेगळं काढणं, त्याची वर्गवारी लावणं, यात तिनं जीव ओतला. पण पाया कसला होता हे तिला माहीत होतं. कुणी तिच्या लिखाणाचं कौतुक केलं की ती विषय बदलायची. एप्रिलमध्ये पेपर पाठवला. जूनमध्ये उत्तर आलं.

तिघा परीक्षकांपैकी दोघांनी किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या होत्या. तिसऱ्यानं एकच प्रश्न विचारला होता: सोलोकच्या डोंगराळ भागात दोनशे चौदा घरांत झालेला अमुक अभ्यास तुम्ही का वगळला? या विषयावर तुमच्या प्रांतातला एवढा मोठा अभ्यास दुसरा नाही.

रेफनं आपला तक्ता बघितला. ओळ सातशे एकतीस. नाही. कारण: गोळी कोणती ते स्पष्ट नाही. देस्मिवर्नीचा तक्ता बघितला. नाही. कारण: गोळी कोणती ते स्पष्ट नाही.

मग त्यानं तो पेपर पहिल्यांदा पूर्ण उघडून वाचला. शीर्षकात लोह हा शब्द नव्हता, सारांशातही नव्हता. फक्त लाल गोळी, लाल गोळी. पाडांगच्या कुण्या डॉक्टरनं लोहाच्या गोळीसाठीचा गावातल्या बायकांचा शब्द तसाच उचलून भाषांतरात ठेवला होता. रेफ शहरात वाढलेला, लग्न न झालेला. त्याला लाल गोळी म्हणजे काय हे कुठून ठाऊक असणार? सारांशाच्या दुसऱ्या ओळीत गावाचं नावही होतं, आलाहान पांजांग. आणि शेवटच्या पानावर, घरोघरी जाऊन डब्यांतल्या उरलेल्या गोळ्या मोजणाऱ्या पाच सुईणींचे आभार. तिसरं नाव: देस्मिवर्नी.

गुरुवारी दुपारी रेफ तिच्या खोलीत आला. हातात छापलेली अकरा पानं.

"उनी, परीक्षकानं हा पेपर विचारलाय. एकदा वाचून घ्या."

"आपण वगळलेला?"

"हो, आपण दोघांनी."

तो बसला नाही. आवाजात काही नव्हतं, राग नाही, टोमणाही नाही. दार हळू लावून गेला.

दुसऱ्याच ओळीत गाव आलं आणि देस्मिवर्नीचा हात थांबला. बारा वर्षांपूर्वीचं सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. ती आणि सोबतची सुईण एर्नाविलिस, दोघी एका मोटरसायकलवर, कांद्याच्या वाफ्यांमधल्या वाटेनं. बिस्किटांचे डबे, शिवणाच्या टोपल्या, देव जाणे कुठून कुठून बायका त्या लाल गोळ्या काढून दाखवायच्या. एकीनं कोंबड्यांना घातल्या होत्या. एक बाई म्हणाली होती, "गिळत नाही, पण टाकवतही नाही, तुम्ही एवढ्या चढून येता म्हणून." सारांश सोपा होता. फोन न उघडता तिला तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत समजला. आणि अकराव्या पानावर तिचं स्वतःचं नाव होतं.

त्याला कळलं होतं. ज्या बाईनं स्वतःच्या पायांनी ती दोनशे चौदा घरं चढली, तिनं 'गोळी कोणती ते स्पष्ट नाही' असं लिहिलं होतं. वाचलं असतं तर लिहिलं नसतं. याला दुसरा पुरावा लागत नव्हता.

कानशिलं तापली. खोलीत कुणी नव्हतं, तरी तिनं उठून खिडकीचा पडदा ओढला. शरम अशी की कुठं बघावं ते कळेना. चोरी पकडली गेली याची होतीच, पण त्याहून खोल काही तरी टोचत होतं. रेफनं तिला सोबत घेतलं होतं तेच या एका गोष्टीसाठी, त्याच्या डोळ्यातून निसटेल ते तिला दिसेल म्हणून. आणि तिनं आपले डोळे फुकट घालवले होते, त्याच्या डोळ्यांची नक्कल करून.

शुक्रवारी ती रजेवर गेली. सोमवारी आली ती मागच्या दारानं. जेवायच्या वेळी वर्गातच बसून राहिली. रेफनं तिला निरोप पाठवला: परीक्षकाला कळवलंय की चूक माझी, तो पेपर आता घेतोय. बाकी ठीक. तिनं तो निरोप अनेकदा वाचला. चूक माझी. उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. मरजोहाननं विचारलं, "कॉलेजात काही झालंय का?" ती म्हणाली, "काय व्हायचंय?" आणि भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

जुलैत संस्थेनं पद्धतशीर आढाव्याची कार्यशाळा ठेवली होती. पाच जिल्ह्यांतून त्रेचाळीस शिक्षक आले होते, सगळे नवशिके, सगळ्यांच्या मानगुटीवर कुठली ना कुठली यादी. शिकवणारा रेफ. पहिल्या रांगेत बू यूस्नेलींशेजारी देस्मिवर्नी बसली होती, कारण कार्यक्रमपत्रिकेत तिच्या नावाला दहा मिनिटं होती: एका नवशिक्या संशोधिकेचा अनुभव.

रेफनं शोधाचे शब्द शिकवले, दुबार काढणं शिकवलं, नकाशे दाखवले. छाननीचा भाग आला तेव्हा पडद्यावर एक आकडा उमटला. शून्य पॉइंट त्र्याण्णव. पत्रिका आणि पडद्यावरच्या पानांच्या प्रती महिन्यापूर्वीच छापून झाल्या होत्या. तो आकडा त्यानं काढला नव्हता, की काढायचा राहिला होता, कोण जाणे. त्यानं त्याच्यावर बोट ठेवलं नाही, पटकन पुढं जाऊ लागला.

पायाकुंबुहून आलेली एक तरुण शिक्षिका मागून उठली. "सर, एक शंका. समजा दुसऱ्या माणसानं पहिल्याचा तक्ता बघून भरला तर? कळेल कसं?"

हॉलमध्ये खसखस पिकली. कुणी तरी म्हणालं, "हिला आधीच वाट सापडली!"

रेफ हसला नाही. "आकड्यावरून नाही कळत," तो म्हणाला. "आकडा उलट चांगलाच येतो. पण तसं झालं तर दुसरा माणूस नव्हताच असं समजायचं. एकाच माणसानं दोनदा सही केली."

बू यूस्नेलींनी मान डोलावली आणि कौतुकानं देस्मिवर्नीच्या मांडीवर थोपटलं. मग तिचं नाव पुकारलं गेलं.

ती उठली, बोलली. काय बोलली ते तिला नंतर नीट आठवेना. धीर धरा, शब्दकोश जवळ ठेवा, लाजू नका, विचारा, असं काहीतरी. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी सगळे अंगणात गेले तेव्हा रेफ तारा गुंडाळत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"रेफ, मी वाचले नव्हते."

"माहीत आहे."

"एकही नाही. म्हणजे बासष्ट वाचले होते. त्यातही नऊ ठिकाणी तुझंच लिहिलं."

"उनी, माहीत आहे म्हटलं ना मी." तो तार गुंडाळतच राहिला. "तो एक पेपर आत घेतलाय. आणखी थोडे परत तपासू. दुरुस्ती पाठवू. संपलं."

"संपत नाही. आकडा खोटा आहे. मागे घेऊ या."

आता त्यानं वर पाहिलं. "मागे घेऊ या? ऑक्टोबरात माझी कायम करायची फाइल वर जाते. त्या फाइलीत हा पेपर आहे. दुसरं काही नाही माझ्याकडे या वर्षी."

"मला ठाऊक नव्हतं."

"तुम्हाला काय ठाऊक होतं!" त्याचा आवाज फुटला. "प्रामाणिकपणाचा झटका आत्ता आला होय तुम्हाला? मार्चमध्ये यायचा होता. माझ्या दाराशी येऊन म्हणायचं होतं, रेफ, जमत नाही. मी बसलो असतो ना तुमच्या शेजारी. एकेक ओळ वाचून दाखवली असती. तुम्हाला काय वाटलं, मी हसलो असतो?"

हो, तिला तसंच वाटलं होतं.

"आणि मीसुद्धा काय मोठा साव," तो तार खाली ठेवत म्हणाला. "पानं छापून झाली होती हे निमित्त. आकडा काढता आला असता. नाही काढला." बाहेरून कुणीतरी चहा गार होतोय म्हणून हाक मारली. "करा काय करायचं ते, बू देस्मी."

उनीची बू झाली होती. तिनं ते ऐकलं. ऐकून घेण्यावाचून इलाज नव्हता.

दोन दिवस तिनं वाट पाहिली, तो होऊन काही म्हणेल म्हणून. मग ती बू यूस्नेलींकडे गेली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. बू यूस्नेली बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या. "मी त्या यादीत तुझं नाव वाचलं नसतं तर?" त्यांनी विचारलं. देस्मिवर्नी म्हणाली, "यादीनं नाही केलं. मी केलं." पत्र तिघांनी मिळून लिहिलं, रेफनं शेवटी सही केली. पेपर मागे घेतला. नियतकालिकाकडून दोन ओळींचं कोरडं उत्तर आलं.

रेफची फाइल त्या ऑक्टोबरात वर गेली नाही. हे तिच्या कबुलीमुळे झालं की तिच्या लबाडीमुळे, याचा हिशेब ती अनेक दिवस मनाशी मांडत राहिली आणि तो कधी जुळला नाही. चूक करताना तिनं त्याला विचारलं नव्हतं, आणि चूक निस्तरतानाही त्याच्याच पानातलं गेलं. कंत्राट वाढवून मिळालं, एवढंच बू यूस्नेलींना करता आलं.

छाननी पहिल्यापासून सुरू झाली. या वेळी फाइली वेगळ्या, किल्ल्या वेगळ्या. रेफनंही आपला जुना तक्ता बाजूला ठेवला आणि सगळे पुन्हा वाचले. देस्मिवर्नी ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत वाचत होती. दुपारी दोन ते चार, रोज, खोलीचं दार उघडं ठेवून. न कळलेल्या शब्दांची वही केली. अडलं की इंग्रजी शिकवणाऱ्या पोरीकडे जायची आणि सरळ विचारायची, "हे वाक्य मला फोडून सांग." पहिल्यांदा विचारताना मान वर होईना. पुढं पुढं व्हायला लागली, पण सोपं असं कधीच गेलं नाही. चारशेच्या पुढं गेल्यावर भिंतीतले दगड थोडे ओळखीचे झाले. फिलिपिन्समधल्या कुणा सुईणीनं लिहिलेला एक सारांश वाचताना ती एकटीच मोठ्यानं हसली, कारण तिकडेही बायकांनी गोळ्या कोंबड्यांनाच घातल्या होत्या.

आकडा आला शून्य पॉइंट अठ्ठावन्न. एकशे चौदा ठिकाणी मतभेद.

ते सोडवायला दोघं तीन दुपारी समोरासमोर बसले. रेफ कामापुरतं बोलत होता. "बू, हा का घेतला? यात गोळीचा उल्लेख नाही."

"पुडी म्हटलंय. दक्षिणेकडच्या बेटांवर पुडीतच मिळायची ती. मी तिथल्या मुली शिकवल्यात."

त्यानं पेपर उघडून पाहिला. पुडीच होती. त्यानं नाहीचं हो केलं. पुढच्या ठिकाणी तो बरोबर निघाला, तिनं खोडलं. त्याच्या पुढच्याला दोघंही हटेनात, तो बू यूस्नेलींकडे गेला. असं करत करत जुन्या यादीत नसलेले नऊ पेपर आत आले.

पद्धतीच्या भागात तिनं एक वाक्य घातलं: पहिली छाननी एकमेकांपासून स्वतंत्र न राहिल्यानं रद्द करून नव्यानं केली. रेफनं ते वाचलं, खोडलं नाही. पेपर एका लहानशा नियतकालिकात दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात आला. तिची बढतीची पाळी तोवर हुकली होती. ती पुढच्या फेरीत गेली.

पेपर आला त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी घोटलेल्या अंड्याचा चहा मागवला. कौतुक चाललं होतं. औषधशास्त्र शिकवणारा जाडगेला झुल्फिकार म्हणाला, "बाराशे चौऱ्याऐंशी! आणि तेही दोनदा! बू देस्मी, डोळे आहेत की काय आहे?"

"पहिल्यांदा मी वाचलेच नव्हते," देस्मिवर्नी म्हणाली. "रेफचं बघून उतरवले होते."

खोली हसली. झुल्फिकार तर मांडीवर थाप मारून हसला. सगळ्यांना तो विनोद वाटला, आणि तो विनोदच राहू द्यायला काही हरकत नव्हती. बू यूस्नेलींनी डोळ्यांनी तिला सोडून दे म्हणून खुणावलंही. रेफ कपात चमचा फिरवत होता. तो हसत नव्हता.

"खरं सांगतेय," ती म्हणाली. "बासष्ट वाचले, बाकी उतरवले. म्हणून पेपर मागे घ्यावा लागला. रेफचं वर्ष त्यात गेलं."

हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. कुणी घसा खाकरला. झुल्फिकारनं बशी पुढं सरकवली आणि परत मागे घेतली. देस्मिवर्नीचे कान लाल झाले होते, तरी ती उठून गेली नाही. कोपऱ्यातली नवीन लागलेली शिक्षिका, जिचं नाव या डिसेंबरच्या यादीत यायचं होतं, हळूच म्हणाली, "मग... त्या फाइली वेगळ्या कशा करायच्या? एकमेकांच्या दिसू नयेत अशा?"

मग रेफनं कप खाली ठेवला, लॅपटॉप ओढला आणि तिला सांगायला लागला.